डिस्प्ले येत नाही? आधी खोडरबर आणा

नाशिकच्या सिडकोत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. शिकायला येणारं पोरगं पहिल्या दिवशी स्क्रूड्रायव्हरचा भलामोठा सेट घेऊन येतं. मी त्याला आधी पांढरं मऊ खोडरबर आणायला पिटाळतो.

हात चालू पीसीवर बसवू नका. मी अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारातल्या मेलेल्या मदरबोर्डांवर शिकलो. रॅम पन्नासदा काढा, पन्नासदा लावा. डीडीआर-थ्री जातीच्या रॅमला २४० पिना, डीडीआर-फोरला २८८. खाचही वेगळ्या जागी. बसत नसेल तर एकतर उलटी धरलीय नाहीतर जातच वेगळी. जोर लावू नका.

आता तक्रार तीच नेहमीची: पंखा फिरतो, डिस्प्ले नाही. मॉनिटरची केबल पाहून घ्या (हसू नका). मग प्लग काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. डिसेंबरात आपल्याकडे स्वेटर काढताना चटचट होतं ना, तेवढ्यानं रॅम जाऊ शकते. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर हलकं फिरवा, भुगा ब्रशनं झाडा. शाई खोडायचं खरखरीत रबर नको, सोन्याचा मुलामा जातो.

तरी नाही? हार्डडिस्क सोडवा. बोर्डावरच डिस्प्लेची सोय असेल तर ग्राफिक्स कार्डही काढा. एकच रॅम ठेवून चालू करा. आला डिस्प्ले, की एकेक वस्तू परत जोडत जा. एका वेळी एकच. दोन बदललीत तर दोषी कोण ते कधीच कळणार नाही. रॅम काढल्यावर बोर्डाचा स्पीकर ओरडला तर खूश व्हा, बोर्ड आणि प्रोसेसर जिवंत आहेत.

एसएमपीएसचा (पीसीला वीज पुरवणारा डबा) २४ पिनांचा कनेक्टर बोर्डातून काढून हिरवी आणि काळी वायर क्लिपनं जोडली की त्याचा पंखा फिरतो. पण पंखा फिरला म्हणजे सगळं ठीक, असं नाही. मल्टिमीटर लावा: पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६ व्होल्ट हवेत, लालवर ५, केशरीवर ३.३ च्या आसपास. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतला कपॅसिटर झटका देतो.

टॅलीत बिलांवर जुनीच तारीख पडतेय? बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदला, पाच मिनिटांचं काम. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. प्रोसेसरवर थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी पुरे.

अंबड एमआयडीसीत एका लेथ वर्कशॉपच्या ऑफिसातला पीसी दर पंधरवड्याला बंद पडायचा. कॅबिनेटमध्ये लोखंडाचा बारीक कीस, म्हणून मी साफ केला. दोनदा रॅम बदलली, पैसेही घेतले. तिसऱ्या वेळी कॅबिनेटला हात लागला आणि मुंग्या आल्या. सॉकेट उघडलं तर अर्थिंगची वायर जोडलेलीच नव्हती! वायर जोडली, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन व्होल्टही उरले नाहीत. रॅमचे पैसे परत दिले. तेव्हापासून कॅबिनेट उघडण्याआधी मी सॉकेट तपासतो.