ऑनलाइन अल्जिब्राच्या क्विझमध्ये सबमिट करायच्या आधी उत्तर तपासायची ट्रिक

कॉलेजच्या ऑनलाइन कोर्समध्ये कंस सोडवताना चिन्ह चुकतं आणि ते कळतं सबमिट केल्यावरच, वर आमच्या फोंड्यात पावसात लाइट गेली की नेट पण जातं, मग कोणाला विचारणार?

1. एक्सच्या जागी 5 ठेवा, आधी मूळ गणितात, मग आपल्या उत्तरात.
2. दोन्हीकडे सारखं आलं नाही तर उत्तर नक्की चुकलंय.

उदा. 5 − 2(एक्स − 3) चं उत्तर बरेच जण −2एक्स − 1 लिहितात. 5 ठेवून बघा, मूळ गणितात 1 येतं आणि या उत्तरात −11. बरोबर उत्तर 11 − 2एक्स, तिथे 1 च येतं.

फक्त 0, 1 किंवा 2 घेऊ नका. (एक्स + 4)² म्हणजे एक्स² + 16 हे चुकीचं आहे, पण 0 ठेवलं तर दोन्हीकडे 16 येतं आणि आपण खूश! 5 ठेवलं की 81 आणि 41, लगेच पकडलं जातं. डाउट असेल तर −3 पण ठेवून बघा, पण कॅल्क्युलेटरवर ते कंसात टाका, नाहीतर वर्ग करताना बरेच कॅल्क्युलेटर 9 ऐवजी −9 दाखवतात.