सुपरवायझरांचं ट्रेनिंग घेण्याआधी: ते एक पान विसरू नका

इंग्लंडमध्ये पब्लिक हेल्थच्या ट्रेनींना सांभाळणाऱ्या एज्युकेशनल सुपरवायझरांचं एक दिवसाचं ट्रेनिंग मी पहिल्यांदा आयोजित केलं, तेव्हा हॉल, स्लाइड्स, जेवण, सर्टिफिकेटं सगळं वेळेवर झालं. एक पान तेवढं राहिलं. ट्रेनीचं गाडं अडलं तर सुपरवायझरने कोणाला, किती दिवसांत आणि कुठे लिहून कळवायचं, हे सांगणारं पान. त्याचा भुर्दंड पुढे एका ट्रेनीला पडला. आता माझ्या दोन सहकारी हेच ट्रेनिंग पहिल्यांदा घेणार आहेत, म्हणून सगळं एकदा मांडून ठेवते.

हॉल, चहा, प्रोजेक्टर, हजेरी यांबद्दल लिहीत नाही. तारीख मात्र दोन महिने आधी ठरवा, आणि एआरसीपीच्या म्हणजे ट्रेनींच्या वार्षिक आढाव्याच्या तोंडावर मुळीच ठेवू नका. त्या दिवसांत सुपरवायझर रिपोर्ट लिहिण्यात बुडालेले असतात. शरीराने येतात, लक्ष लॅपटॉपमध्ये असतं.

बोलावणं पाठवताना त्याची प्रत सुपरवायझरच्या वरिष्ठांना पाठवा. १ एप्रिल २०१३ पासून इंग्लंडमध्ये पब्लिक हेल्थचं बरंचसं काम एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेकडून स्थानिक कौन्सिलांकडे गेलं. त्यामुळे कितीतरी सुपरवायझर आज अशा कचेरीत बसतात जिथे वरच्या माणसाने डॉक्टरी प्रशिक्षण कधी जवळून पाहिलेलं नसतं. त्याला वाटतं, ट्रेनी म्हणजे फुकटचा हात. सुपरव्हिजनसाठी बऱ्याच ठिकाणी एका ट्रेनीमागे आठवड्याला ०.२५ पीए (पीए म्हणजे कन्सल्टंटचा कामाचा वेळ मोजायचं एकक), म्हणजे साधारण एक तास, धरतात. तो तास जॉब प्लॅनमध्ये, म्हणजे सुपरवायझरच्या कामाच्या ठरलेल्या आखणीत, लेखी आहे का, हे ट्रेनिंगच्या आधी विचारा. तोंडी ‘हो, हो, करू’ चालणार नाही.

येणाऱ्या प्रत्येकाने आदल्या आठवड्यात पोर्टफोलिओत, म्हणजे ट्रेनीच्या कामाच्या ऑनलाइन नोंदवहीत, एकदा लॉगिन करून पाहिलेलं असावं. सोपं वाटतं, पण हे सांगितलं नाही तर सकाळचा पहिला तास पासवर्डात जातो. आणि अभ्यासक्रम वाचून यायला सांगा. सध्याचा २०२२चा आहे, ऑगस्ट २०२२ पासून लागू झालेला. स्वतः जुन्या अभ्यासक्रमातून तयार झालेले कन्सल्टंट ट्रेनीच्या कामावर आठवणीनेच सह्या करतात आणि वार्षिक आढाव्याच्या पॅनेलसमोर ट्रेनी अडकतो.

आता ते पान. त्यावर काय हवं ते इथेच सांगते आणि पुढेही सांगत राहणार आहे. ट्रेनिंग प्रोग्रॅम डायरेक्टरचं नाव आणि फोन. ते रजेवर असतील तर दुसरं नाव आणि त्यांचा फोन. ट्रेनींना आधार देणाऱ्या प्रोफेशनल सपोर्ट सेवेकडे जायचा रस्ता. ऑक्युपेशनल हेल्थचा, म्हणजे कर्मचाऱ्यांची तब्येत पाहणाऱ्या सेवेचा, रस्ता. आणि मुदत: दोन ठरलेल्या भेटी रिकाम्या गेल्या की आठ दिवसांच्या आत कळवायचं. ही मुदत कुठल्या नियमात नाही, मी घालून दिलेली आहे, पण आकडा लिहिला नाही तर ‘बघू पुढच्या भेटीत’ कधी संपत नाही. नुसतं ‘योग्य व्यक्तीशी संपर्क साधा’ असं छापू नका. नाव हवं. फोन नंबर हवा.

का, ते सांगते. त्या पहिल्या बॅचमधल्या एक सुपरवायझर अतिशय मायाळू होत्या. त्यांच्या ट्रेनीचं काम दुसऱ्या महिन्यातच थंडावलं. बाईंनी ते ओळखलं होतं. पुढे त्यांनी मला त्यांची स्प्रिंगची वही दाखवली. त्यात चार वेगवेगळ्या तारखांखाली एकच ओळ होती: ‘आज पुन्हा काही आणलं नाही. थकलेली दिसते.’ त्याच चार भेटींची पोर्टफोलिओतली नोंद होती, ‘चर्चा समाधानकारक.’ पोरीचं नुकसान नको म्हणून त्यांनी तसं लिहिलं. वर्ष संपलं तेव्हा पॅनेलपुढे ना काम होतं, ना अडचणीचा कागद. आउटकम ३ मिळाला, म्हणजे प्रशिक्षणाचा काळ वाढला. ट्रेनीच्या घरी आईचं आजारपण चाललं होतं. कमी वेळेच्या प्रशिक्षणाची सोय तिला मागता आली असती, आढाव्याची तारीखही पुढे ढकलता आली असती. बाई मला म्हणाल्या, ‘‘मी कोणाला सांगायचं होतं, हे तुम्ही त्या दिवशी सांगितलंच नाही.’’ खरं होतं. माझ्या एकसष्ट स्लाइड्समध्ये ते कुठेच नव्हतं.

म्हणून पान आधी तयार करा, स्लाइड्स नंतर.

दिवसाच्या मधल्या भागात सगळ्यांत जास्त वेळ द्या तो काम तपासायच्या सरावाला. इथे आपल्या विषयाची खरी गोम आहे. सर्जरीत शिकणाऱ्याचे हात शिकवणाऱ्याच्या समोर चालतात. आपल्याकडे एक काम सहा-सहा महिने चालतं, पाच खात्यांतून फिरतं आणि शेवटी जो अहवाल निघतो त्यावर डायरेक्टरचं नाव असतं. त्यात ट्रेनीने काय केलं? गरजांचं सर्वेक्षण असेल तर आकडे कोणी काढले, कोणते वगळायचे हे कोणी ठरवलं, चिडलेल्या नगरसेवकासमोर कोण उभं राहिलं? नावं काढून तीन नमुने न्या: एक पुरेसा, एक अपुरा, आणि एक गुळगुळीत लिहिलेला पण आत पुरावा नसलेला. हा तिसरा महत्त्वाचा. मी नेला तेव्हा खोलीतल्या निम्म्याहून अधिक जणांनी त्यावर सही केली असती. मग वाद झाला, आवाज चढले, आणि त्या अर्ध्या तासात जे शिकून झालं ते बाकीच्या दिवसात झालं नाही. आणि प्रत्येकाला बजावा की वर्षातून काही वेळा तरी ट्रेनीच्या मीटिंगमध्ये गुपचूप मागे बसून ऐका. कागद वाचून माणूस कळत नाही.

एक गैरसमज तिथेच मोडा. पब्लिक हेल्थचे सगळे ट्रेनी डॉक्टर नसतात. डॉक्टर जीएमसीकडे, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदणी परिषदेकडे, नोंदणी करतात, बाकीचे प्रशिक्षण पुरं झाल्यावर यूकेपीएचआरकडे, म्हणजे पब्लिक हेल्थवाल्यांच्या नोंदणी संस्थेकडे; प्रशिक्षण आणि परीक्षा मात्र एकच. ‘वॉर्डात असताना आपण कसं...’ असं सुपरवायझर सहज बोलून जातात आणि समोरचा ट्रेनी गप्प होतो.

अवघड बोलण्याचा सराव सुपरवायझरांना आपापसांत करायला लावू नका. दोघंही समजूतदारपणा दाखवतात आणि दहा मिनिटांत संपतं. शेवटच्या वर्षातले दोन-तीन ट्रेनी बोलवा, त्यांच्या वेळेची कदर करा, त्यांना खरं बोलू द्या. सराव संपला की प्रत्येक सुपरवायझरने त्या भेटीची नोंद तिथेच पोर्टफोलिओच्या भाषेत लिहायची आणि ट्रेनीला वाचून दाखवायची. ट्रेनीला दाखवता येणार नाही असं काही वहीत ठेवायचं नाही, आणि वहीत आहे ते पोर्टफोलिओत हवं. इथे पुन्हा ते पान हातात द्या. सकाळी दिलं असलं तरी पुन्हा द्या, मोठ्याने वाचा, नंबर मोबाइलमध्ये तिथल्या तिथे सेव्ह करून घ्या. कळवणं म्हणजे चुगली नाही, हेही त्याच वेळी सांगा, कारण मायाळू माणसं तिथेच अडतात.

परीक्षेबद्दल थोडक्यात: डीएफपीएच ही प्रशिक्षणातली लेखी परीक्षा हुकली तर धीर द्या, अभ्यासाचा वेळ ठरवा, आणि कारण घरचं किंवा तब्येतीचं वाटलं तर पान.

जीएमसीची ट्रेनर म्हणून मान्यता, त्यासाठीचे पुरावे, समानतेचं ऑनलाइन मॉड्यूल: लिंक पाठवा, खोलीत वेळ घालवू नका.

फीडबॅक फॉर्म चार प्रश्नांचा. सर्टिफिकेटं त्याच संध्याकाळी.

सहा आठवड्यांनी प्रत्येक सुपरवायझरला फोन करा. ईमेल नको, फोन. एकच प्रश्न: ‘‘तुमची ट्रेनी दोन भेटींना आली नाही, तर कोणाला फोन कराल?’’ नाव लगेच आलं नाही, तर पान पुन्हा पाठवा आणि महिन्याने परत विचारा.