चार जणांत फोटो बघायला कसं बसावं

मागच्या पावसाळ्यात आमच्यातला एक जण गोकाकचा धबधबा काढून आला आणि ग्रुपवर एकदम ४३ फोटो टाकून मोकळा झाला. दहा मिनिटांत सात अंगठे, चार 'मस्त', एक 'भाळ चलो ऐती' (कानडीतलं 'फार छान आहे') आणि कुणाचे तरी जोडलेले हात. संध्याकाळी बेळगावात गोवावेसला चहाला भेटला तेव्हा मी विचारलं, "तुला त्यातला कुठला आवडला?" तर म्हणाला, "आता तेच कुणी सांगंना झालंय की."

तेव्हापासून आम्ही महिन्यातून एकदा समोरासमोर बसून फोटो बघतो. आमच्यात एक निवृत्त मास्तर आहेत, वडगावचा एक पॉवरलूमवाला आहे, बँकेत नोकरी करणाऱ्या वहिनी आहेत, कॉलेजची दोन पोरं, येळ्ळूरचे दोघे शेतकरी आणि मी. तिघांकडं कॅमेरा, बाकीच्यांकडं मोबाईल. कुणाचाही फोटो कधी कुठं छापून आलेला नाही. अशी बैठक तुम्हालाही निपाणीत, खानापुरात, कुठंही जमवता येईल. आम्ही चुकतमाकत जे शिकलो ते इथं क्रमानं सांगतो.

१. माणसं पाच ते आठ

त्याहून कमी असली की गप्पा होतात आणि जास्त झाली की सभा. वार आणि वेळ एकदाच ठरवा, दर महिन्याला नव्यानं विचारत बसू नका. आमचा दुसरा रविवार, सकाळी दहा. जुलैत रोपलावण असते, तेव्हा येळ्ळूरचे दोघे येत नाहीत आणि आम्हीही आग्रह करत नाही. जागेचं म्हणाल तर टीव्ही आणि पडदे असलेली कुणाच्याही घरची सोप्यातली खोली पुरते. उजेड थेट टीव्हीवर पडत असेल तर पडदे ओढा.

खाण्याचा नियम मात्र पहिल्या दिवशीच करा. आमच्याकडं कुंदा शेवटी, आणि तोही प्रिंट पाकिटात परत गेल्यावरच. हा नियम का झाला ते मास्तरांनी काढलेल्या, बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जुन्या देवळाच्या एका प्रिंटवर अजून दिसतं.

२. पाचच फोटो आणा

एका माणसाचे पाच फोटो, सहावा नाही. पहिल्यांदा सगळे कुरकुरतात. पण ४३ मधले ३८ बाजूला काढताना जे कळतं ते बैठकीतही कळत नाही, असं माझं मत आहे.

निवड कशी करायची? फोटो काढल्यावर आठवडाभर तसेच राहू द्या. त्या दिवशीचा पाऊस, गाडी बंद पडलेली, वाटेत खाल्लेली मिरचीभजी, हे सगळं फोटोला चिकटलेलं असतं. ते जरा सुटू द्या. मग मोबाईलवर सगळे लहान लहान, पोस्टाच्या तिकिटाएवढे करून बघा. एवढ्या आकारातही जो नजरेला थांबवतो त्यात काहीतरी आहे. एकाच जागेचे सहा असतील तर एकच ठेवा. आणि पाचांतला एक मुद्दाम अडलेला आणा. काहीतरी जमलंय आणि काहीतरी बिघडलंय, पण काय ते तुम्हाला सापडत नाही, असा. बैठकीत सगळ्यात जास्त बोलणं त्याच्यावरच होतं.

३. फाईल आणि प्रिंट

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान होतो. पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाईल तशीच जाते. आम्ही सगळे फोटो एकाकडं गोळा करून पेनड्राइव्हवर घेतो. आयफोनचे एचईआयसी फोटो बऱ्याच टीव्हींवर उघडत नाहीत, ते आधी जेपीईजी करून घ्या. साधा फुल एचडी टीव्ही १९२० बाय १०८० पिक्सेलचा असतो, त्यामुळं लांब बाजू १९२० ठेवली तरी चालतं.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्र 'व्हिव्हिड'वर असेल तर ते 'मूव्ही' किंवा 'सिनेमा'वर आणा. नाहीतर भाताचं रोप पोपटासारखं दिसतं आणि फोटो काढणारा फुकट बोलणी खातो.

जमेल तेव्हा प्रिंट आणा. इथं माझी एक फजिती सांगतो. मोबाईलचा फोटो साधारण ४:३ मापाचा असतो आणि ४ बाय ६ चा कागद ३:२ चा. म्हणजे वरून किंवा खालून काहीतरी कापलं जाणारच. मी हे न बघता वीस प्रिंट टाकले आणि आमच्या गल्लीतल्या आख्ख्या भजनी मंडळाच्या टोप्या उडाल्या. वर लॅबच्या मशीननं रात्रीचे फोटो आपणहून उजळून दिवस करून ठेवला होता. आता मी कडा आधी घरीच कापतो आणि देताना सांगतो, "करेक्शन करू नका, आहे तसा काढा."

४. आधी गप्प बसा, मग दिसलं ते सांगा

बाकी सगळं मागंपुढं झालं तरी चालेल, पण हे सोडू नका. फोटो समोर आला की एक मिनिट कुणीही बोलायचं नाही. ज्याचा फोटो त्यानं तर पुढची दहा मिनिटं तोंड उघडायचंच नाही. कुठं काढला, किती वाजता उठलो, किती भिजलो, काही नाही.

मग पहिली फेरी: प्रत्येकानं फक्त काय दिसतंय ते सांगायचं. चांगलं-वाईट नाही. दुसरी फेरी: नजर आधी कुठं गेली, मग कुठं गेली, कुठून बाहेर पडली. तिसऱ्या फेरीत काय बदलावंसं वाटतं ते. बोलायला सुरुवात वयानं लहान असलेल्यानं करायची. मास्तर आधी बोलले की पुढचे सगळे माना डोलावतात, हे आम्ही दोन बैठका सोसलं.

एक उदाहरण सांगतो. वडगावच्या पॉवरलूमवाल्यानं रोपलावणीचा ८ बाय १२ चा प्रिंट आणला होता. येळ्ळूरचं शिवार, चिखलात वाकलेल्या पाच बायका, पाठीवर प्लास्टिकच्या खोळी, मागं ढगात अर्धा बुडालेला राजहंसगड. मला बघताक्षणी आवडला. एक मिनिट झालं.

कॉलेजचा पोरगा म्हणाला, "मला आधी निळी बादली दिसली."

बादली? सगळे पुढं वाकले. उजव्या कोपऱ्यात खरंच निळीजर्द बादली होती. सगळ्या हिरव्या-मातकट फोटोत तेवढाच तो रंग. ज्यानं फोटो काढला त्यानं ती त्या दिवसापर्यंत पाहिलीच नव्हती.

दुसरा म्हणाला, "तिसऱ्या बाईच्या डोक्यातून लाईटीचा खांब उगवलाय."

मग वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. शेवटी त्यांनी डाव्या कडेला बोट ठेवलं. "ही बघा. हिनं तरव्याची पेंडी एका हातात धरलीय आणि दुसरा हात कमरेवर ठेवलाय. हिला आता जरा उभं राहायचंय."

त्यानंतर कुणालाच गड दिसेना. तो फोटो त्या हाताचा होता.

अशा वेळी उपयोगी पडतं ते पुठ्ठ्याचं साधन. साडीच्या खोक्यातून काटकोनात दोन पट्ट्या कापून घ्या, इंग्रजी एल अक्षरासारख्या. त्या प्रिंटवर समोरासमोर ठेवून चौकट लहान-मोठी करत बघता येतं, फोटोला कात्री न लावता. आम्ही उजवीकडून सरकवत आलो. बादली गेली, खांब गेला, वरून गडही गेला. दोन बायका, एक पेंडी आणि कमरेवरचा हात उरला.

"अरे गड गेला की!" पॉवरलूमवाला न राहवून ओरडला. "त्या गडासाठी तर मी तासभर बांधावर थांबलो!"

काढणाऱ्याला त्याचा तास आठवत असतो आणि बघणाऱ्यासमोर फक्त कागद असतो. म्हणून त्याला गप्प ठेवायचं. तो आधीच "मागं राजहंसगड आहे हं" म्हणाला असता, तर आम्ही सगळ्यांनी गडच बघितला असता. पुढच्या रविवारी तो पुन्हा त्या शेतात गेला, तोवर लावण संपून रोप ताठ झालं होतं.

५. मग त्याला बोलू द्या

तीन फेऱ्या झाल्या की फोटोवाल्यानं दोनच गोष्टी सांगायच्या: त्याला काय दाखवायचं होतं आणि ऐकलेल्यातलं काय पटलं. पटलं नाही तर तेही. आमचा पॉवरलूमवाला गड कापायला आजही तयार नाही, आणि तो त्याचा हक्क आहे.

"मी असतो तर वरून काढला असता" असं म्हणायची आमच्याकडं बंदी आहे. तुम्ही नव्हता. "कॅमेरा कुठला?" हा प्रश्न सगळ्यात शेवटी. भाषेची अडचण कधी आली नाही. मास्तर कानडीत सांगतात, वहिनी मराठीत, आणि फोकस, लाईट, अँगल हे शब्द दोन्हीकडं तेच.

६. तंत्राचं बोलणं, पण फोटोतून निघालं तरच

शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आमच्यातल्या तिघांनी काढली होती आणि तिघांच्याही फोटोत आडवे काळे पट्टे होते. कॅमेरा बिघडला असं प्रत्येकाला वेगवेगळं वाटलेलं. एकत्र ठेवल्यावर उलगडा झाला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं बरेच एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण शटर वेगात असलं, त्यातही आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर असलं, की पट्टे येतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदाला ठेवलं की बहुतेक वेळा जातात. मग उजेडासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदना, १६००, ३२०० पर्यंत चढवावा लागतो आणि फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. रवा चालतो, पट्टे चालत नाहीत.

गोकाकच्या धबधब्यातही असंच. पावसाळ्यात घटप्रभेचं पाणी गढूळ तांबडं असतं. शटर सावकाश ठेवून पाणी रेशमासारखं करायची सगळ्यांना हौस, पण तांबड्या पाण्याचं रेशीम होत नाही, दुधाचा चहा होतो. तिथं १/१००० ला पाण्याचे लोट गोठवलेले बरे. आणि धबधबा जवळजवळ ५२ मीटर उंच असला तरी फोटोत ती उंची आपोआप येत नाही. झुलता पूल किंवा काठावरचं माणूस आत घ्या, मग कळते. आमच्या गोकाकवाल्यानं ४३ मधले पाच आणले त्यात धबधब्याचे चार होते. पाचवा होता छत्री गळत असताना कणीस भाजणाऱ्या मावशीचा. धूर, पाऊस आणि निखारा, तिन्ही एकाच फोटोत. तो त्यानं ग्रुपवर सोळावा की सतरावा टाकला होता. आम्ही कुणीच तिथवर पोचलो नव्हतो.

७. पुढच्या महिन्याचं काम

विषय लहान द्या. 'निसर्ग' दिला की सगळे आंबोली आणि चोर्ला घाटातलं धुकं घेऊन येतात. आम्ही दिलेले काही: एकाच गल्लीतली दारं, मागावर चालणारे हात, सावली पण माणूस नको. एकदा किल्ल्यातली कमल बस्ती दिली होती, अट एकच, की बाहेरून आख्खं देऊळ घ्यायचं नाही. तेराव्या शतकातलं ते काळ्या दगडाचं काम आहे, उजेड कसा पडतो त्यावर सगळं अवलंबून. सात जणांनी सात वेगळे उजेड आणले.

८. बाहेर पाठवायच्या आधी

मोबाईलच्या फोटोत जागेची नोंद लपलेली असते. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं की तीही बरोबर जाते, म्हणून कॅमेऱ्याचं लोकेशन बंद ठेवा किंवा नोंद पुसून पाठवा. पक्ष्याच्या घरट्याचा फोटो तर आम्ही बघायलाही घेत नाही. भीमगड अभयारण्याच्या बाजूला कुणी जात असेल तर हे आधीच सांगून ठेवतो. बेळगावात कॅम्पकडं फिरताना लष्कराच्या फाटकांवर आणि आवारावर कॅमेरा रोखू नका. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेत गर्दी असते म्हणून कुणाच्याही तोंडासमोर मोबाईल धरायची मुभा मिळत नाही. आधी विचारा, नाही म्हणाले तर पुढं चला. दुसऱ्याचा फोटो पुढं पाठवायचा तर त्याला विचारून, त्याच्या नावासकट.

आणि ज्यांचा फोटो काढलाय त्यांना एक प्रिंट नेऊन द्या. रोपलावणीच्या त्या फोटोतली बाई आमच्या येळ्ळूरवाल्याच्या भावकीतलीच निघाली. पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून ठरवला होता तसाच कापलेला प्रिंट घेऊन आम्ही तिघं गेलो. तिनं पदराला हात पुसले, प्रिंट उजेडाकडं धरला, उलटा करून मागंही बघितलं.

"ह्यात माझं तोंड कुठाय रे?" म्हणाली. "आणि ती निळी बादली कुठं गेली? गेल्याच बाजारात घेतली होती."