गुरूचे पट्टे पुसट येतात? किनाऱ्यावर दुर्बीण लावताना या चुका टाळा

गुरूचा फोटो धूसर आला की पहिला संशय दुर्बिणीवर जातो, मग कॅमेऱ्यावर. दोष बहुतेक वेळा हवेचा असतो, आणि सगळ्यात जास्त त्रास देणारी हवा आपल्या पायाखालचीच असते. रत्नागिरी-देवगडकडचा जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार, दिवसभर तापतो आणि अंधार पडल्यावरही बराच वेळ उष्णता सोडत राहतो. घराच्या स्लॅबचंही तेच. आकाश मोकळं मिळतं म्हणून नेमकी तिथेच दुर्बीण मांडली जाते. त्यापेक्षा भात कापलेला मळा बरा. सड्यावरच जायचं असेल तर मध्यरात्र उलटू द्या.

बिघाड कुठे आहे हे ताराच सांगतो. ठळक तारा धरा आणि फोकस मुद्दाम थोडा बिघडवा, म्हणजे त्याची चकती दिसेल. चकतीत धुरासारखा लोट संथपणे एका बाजूला चढत असेल तर गरम हवा नळीच्या आत आहे, आरसा अजून निवलेला नाही. आठ इंची दुर्बीण घरातून काढल्यावर निदान तासभर उघड्यावर राहू द्या. लहरी भरभर एकाच दिशेने पळत असतील तर ते वरचं वारं. तिथे थांबण्यावाचून इलाज नाही. आणि आरशाच्या दुर्बिणीत मधली काळी सावली चकतीच्या एका कडेला सरकलेली दिसली, तर हवेला बोल लावू नका, आधी आरसे जुळवून घ्या. ही तपासणी टाळून थेट सॉफ्टवेअरकडे धावणं ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक.

समुद्रावर कललेला ग्रह टिपायचा मोह आवरा. ३० अंश उंचीवर प्रकाशाला डोक्यावरच्या दुप्पट हवा ओलांडावी लागते. १० जानेवारी २०२६ च्या प्रतियुतीचा, म्हणजे सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला आलेला, गुरू मिथुन राशीत, म्हणजे कोकणातून मध्यरात्रीच्या सुमारास जवळजवळ माथ्यावर. उत्तरेकडच्या देशांना हे सुख नाही.

एकच फोटो काढू नका, व्हिडिओ घ्या. प्रत्येक फ्रेम ५ ते १० मिलिसेकंदांची असेल तर हवा क्षणभर स्थिरावल्याच्या काही फ्रेम हाती लागतात. अशा भाग्यवान फ्रेमची शक्यता प्रकाशशास्त्रज्ञ डेव्हिड फ्राइड यांनी १९७८ मध्येच गणिताने मांडली होती. ऑटोस्टॅकर्ट या फ्रेम निवडून एकत्र करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्यातल्या उत्तम १०-२० टक्केच निवडा. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, म्हणून व्हिडिओ दोन-तीन मिनिटांपुरताच ठेवा, नाहीतर बारीक तपशील फरफटतात.

आणि काचेवर दव धरलं तर फडक्याने पुसू नका. पुसताना काचेवर बसलेले बारीक कण घासून चरे पडू शकतात. हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून द्या, आणि मग काच पुन्हा निवेपर्यंत थांबा.