उद्योगनेतृत्वावर संशोधन करून लिहायचंय? नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींपासून सुरुवात करा

मालकाची मुलाखत, वर दोन सुविचार आणि शेवटी ‘जिद्द’. नेतृत्वावरची बरीच पुस्तकं एवढ्यावर उभी असतात. संशोधक म्हणून टिकायचं असेल तर आधी छोटा प्रश्न धरा. ‘यशस्वी उद्योजक कसे घडतात’ हा प्रश्न कामाचा नाही. ‘ऑर्डर निम्म्यावर आल्या तेव्हा मोठ्या कंपन्यांना माल पुरवणाऱ्या सातपूरच्या व्हेंडर कारखान्यांत माणसं कमी करायची की शिफ्ट, हे कोणी ठरवलं?’ याचं उत्तर तपासता येतं.

मुलाखतींआधी कागद पाहा. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीची कागदपत्रं कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपये भरून पाहता येतात. एओसी-४ या फॉर्ममध्ये ताळेबंद असतो, एमजीटी-७ या वार्षिक विवरणात भागधारक आणि संचालक. निदान पाच वर्षांचे काढा. ‘त्या वर्षी आम्ही सावरलो’ असं साहेब सांगतात आणि ताळेबंदात नेमकं त्याच वर्षी कर्ज वाढलेलं असतं, असं होऊ शकतं. फर्म प्रोप्रायटरी किंवा भागीदारी असेल तर पोर्टलवर ताळेबंद मिळणार नाही. आकडे मागा, दिले नाहीत तर तसं स्पष्ट लिहा. नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारखी शेतकरी उत्पादक कंपनी कंपनी कायद्याखालीच नोंदलेली असते, त्यामुळे तिचेही कागद मिळतात. तिथे माल घालणारा शेतकरीच भागधारक असतो, म्हणजे भाव ठरवताना अध्यक्षांना आपल्याच मालकांची समजूत काढावी लागते. अभ्यासाला याहून चांगला विषय जिल्ह्यात क्वचितच सापडेल.

एका कारखान्यात दहा-बारा मुलाखती घ्या, पण मालकाची शेवटी. त्यांच्यापासून सुरुवात केली की खालची मंडळी तुम्हाला ‘साहेबांनी पाठवलेला माणूस’ समजून तोलून बोलतात. स्टोअरकीपर, सुपरवायझर, नोकरी सोडून गेलेले, जॉब वर्क करणारे असा क्रम ठेवा. जागा केबिन नको, शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेरची चहाची टपरी बरी. ‘साहेब कसे आहेत?’ विचारलंत तर ‘देवमाणूस’ एवढंच उत्तर येईल. त्याऐवजी विचारा, ‘मागच्या वेळी मशीन बंद पडलं तेव्हा साहेबांना फोन कोणी केला? पुढे काय झालं, पहिल्यापासून सांगा.’ रेकॉर्डिंगची परवानगी आधी घ्या. तासाभराचं बोलणं उतरवायला चार-पाच तास सहज जातात, तेव्हा दिवसाला एकच मुलाखत ठेवा. आणि लिहिताना नुसतं नाव बदलून भागत नाही. ‘सीएनसीवरचे (संगणकावर चालणाऱ्या मशीनवरचे) जुने सुपरवायझर’ एवढ्यावरून अख्खं अंबड माणूस ओळखतं. हुद्दाही बदला.

वेळही पाहा. शेतकरी कंपनीच्या द्राक्षवाल्यांकडे जानेवारी ते मार्च काढणीत आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीत (फळ धरण्यासाठीच्या छाटणीत) जाऊ नका. कारखानदारांचा मार्चअखेर सोडा. दिवाळीआधीचा पंधरवडा मात्र गाठाच, कारण बोनसच्या बोलणीत खरं नेतृत्व दिसतं.

मुलाखतीत माणूस आठवेल ते आणि आवडेल ते सांगतो, म्हणून निरीक्षणही हवं. व्यवस्थापनाचे अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग यांनी पाच संस्थाप्रमुखांमागे प्रत्येकी एक आठवडा राहून नोंदी केल्या. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निम्मी कामं नऊ मिनिटांच्या आत उरकलेली निघाली. तशीच वही ठेवा: वेळ, कोण आलं, विषय कोणी काढला, किती मिनिटं, निर्णय काय.

सगळ्यात मोठी फसगत नफ्यामुळे होते. कंपनी चालली की मालक ‘दूरदृष्टीचे’, बुडाली की तेच ‘हट्टी’. एका गुणावरून बाकीचे गुण चिकटवण्याची ही सवय मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच दाखवून दिली होती. उपाय एकच, बंद पडलेले कारखानेही अभ्यासात घ्या. निमा-आयमा या इथल्या उद्योजक संघटनांच्या जुन्या सभासद याद्या मिळाल्या तर आजच्या यादीशी ताडून पाहा आणि गळालेल्या नावांमागे लागा.

पीएच.डी. करायची तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पदव्युत्तरला साधारण ५५ टक्के लागतात आणि मुदत तीन ते सहा वर्षांची असते. प्रबंध आहे तसा पुस्तक म्हणून छापू नका. कार्यपद्धतीचं प्रकरण परिशिष्टात टाका, पहिलं पान एखाद्या निर्णयाच्या दिवसापासून सुरू करा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. छपाईआधी ज्याचं त्याचं विधान त्याला दाखवा. निष्कर्ष मात्र दाखवू नका, नाहीतर ‘एवढं वाक्य काढा की साहेब’ सुरू होतं.