टॅटू निघत नाही, तुम्ही काढता!

वाढदिवस, सोसायटीचा गणपती, कॉलेजचे डेज, असं कुठे ना कुठे मी पाण्याने चिकटणारे टॅटू लावत असते. दुसऱ्या दिवशी फोन ठरलेला: "ताई, तुमचा टॅटू निघाला." लावताना कातडी कशी होती, हे मात्र कुणी सांगत नाही.

पुण्यातल्या एका ढोल-ताशा पथकाची गोष्ट सांगते. विसर्जनाचा दिवस, सकाळचे सात, पोरं रांगेत. प्रत्येकाला दंडावर "मोरया" हवं होतं. दिवसभर उन्हात वाजवायचं म्हणून सगळ्यांनी सनस्क्रीन थापलेलं. म्हटलं, आधी साबणाने धुऊन या. "ताई, टाइम नाही, लावा पटकन." मग कुणी कुर्त्याच्या बाहीने पुसलं, कुणी तेही नाही. मीही ऐकलं, ती माझी चूक. लक्ष्मी रोडला पोचेपर्यंत एकाचा "मो" घामाबरोबर वाहून गेला आणि दंडावर नुसती "रया" उरली. संध्याकाळी तीही गेली.

तेव्हापासून नियम केलाय: धुतल्याशिवाय हात लावणार नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. तेल, लोशन, सनस्क्रीन यांवर टॅटूचा गोंद धरत नाही. साबणाने धुवा, पूर्ण कोरडं करा. मोठ्यांच्या हातावरून मी वर स्पिरिटचा बोळा फिरवते आणि ते उडू देते. लहान मुलांना स्पिरिट नाही, साबण-पाणी पुरतं.

मग वरची पारदर्शक फिल्म काढा. हसू नका, ती तशीच ठेवून कागद भिजवत बसणारे मी दर महिन्याला बघते. चित्र कातडीवर पालथं ठेवायचं आणि ओल्या फडक्याने दाबून धरायचं, साधारण अर्धा मिनिट. मी आकडे मोजत नाही, मनात "सुखकर्ता"चं पहिलं कडवं धृपदासकट म्हणते. नंतर एक कोपरा हलकेच सरकवून बघा. कागद आपसूक घसरला पाहिजे. ओढावा लागत असेल तर अजून पाणी, अजून दम. उतावळ्या माणसाने टॅटूच्या वाटेला जाऊ नये, या मताची मी आहे.

लावल्यावर दहा मिनिटं बोट लावायचं नाही. मग दाढीच्या जुन्या, स्वच्छ ब्रशने थोडी टाल्कम पावडर. चकाकी जाते, बाहीला चिकटतही नाही.

कोपर, मनगटाची घडी, केसाळ छाती: नको. वॅक्सिंग केलं त्याच दिवशी: अजिबात नको, आग होते. कागदावर अक्षरं उलटी दिसतात कारण ती तशीच छापतात, हातावर सुलटी उमटतात. सेल्फीत परत उलटी दिसली तर कॅमेऱ्याचं सेटिंग बघा, मला फोन करू नका.

आता ज्याने माझं खरंच डोकं फिरतं ते. काळी मेंदी. माझा भाचा कळंगुटच्या किनाऱ्यावर फिरत्या माणसाकडून दंडावर विंचू काढून आला. "मावशी, अर्ध्या तासात काळाभोर! तुझ्या स्टिकरपेक्षा भारी." आठवड्याभराने विंचू सुजून वर आला, नांगीपासून पायांपर्यंत फोडच फोड. त्वचेच्या डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं, काळी मेंदी ना?

मेंदीचा पाला काळा रंग देतच नाही. खरी मेंदी आधी नारिंगी उमटते आणि तांबूस-तपकिरी व्हायला एक-दोन दिवस घेते. अर्ध्या तासात कोळशासारखं काही उमटलं, तर त्यात बहुधा पीपीडी असतं, केसांच्या काळ्या डायमधलं रसायन. डायमध्ये त्याच्या प्रमाणाला मर्यादा असते. किनाऱ्यावरच्या कोनात किती घातलंय हे कोण बघतंय? आणि ही ॲलर्जी एकदा बसली की सहसा आयुष्यभर राहते. भाच्याचे केस तिशीतच पिकायला लागलेत, पण तो डाय लावू शकत नाही. विंचवाचा फिकट डाग अजून आहे.

म्हणून मेंदी काढून घ्यायला बसले की मी काढणाऱ्याला आधी विचारते: रंग चढायला किती वेळ लागेल? "लगेच" असं उत्तर आलं की उठते. लहान मुलांच्या बाबतीत तर विचारायलाही थांबू नका. काळाच हवा असेल तर स्टिकर आहेच. आणि आधी काळी मेंदी लावलेल्या जागी खाज-पुरळ आलं, तर लगेच धुऊन डॉक्टरकडे जा, घरगुती लेप थापू नका.

राहिलं काढणं. रविवारी रात्री, उद्या शाळा म्हणून, पोराचा गाल खसाखसा घासणाऱ्या आया मी पाहिल्यात. एकीने तर वज्री घेतली होती! अहो, ती टाचेसाठी असते. खोबरेल तेल लावा, पाच मिनिटं थांबा, कापसाने पुसा. ज्या तेलाने तो सकाळी टिकला नाही, त्याच तेलाने रात्री निघतो.