शेजारच्या घरात वायफायची रेंज कशी पोचवावी

कोल्हापुरात शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शनिवार पेठ अशा जुन्या भागांत एका घराची दोन घरं झालेली सर्रास दिसतात. थोरल्याकडं जुना सोपा आणि माजघर, धाकट्यानं परड्याच्या जागेत बांधलेलं स्लॅबचं घर. नेटचं कनेक्शन जुन्या घरात आणि अभ्यासाला बसणारी पोरं नव्या घरात. मग कोणीतरी रिपीटर, म्हणजे वायफाय पकडून पुढं पाठवणारा छोटा डबा, मागवतं आणि नव्या घरातल्या पलंगाशेजारच्या प्लगात खोचतं. फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या दिसतात, पण व्हिडिओ अडकतच राहतो. कारण उघड आहे. रिपीटरपर्यंतच जे धड पोचत नाही, ते तो पुढं काय देणार?

या कामात एक गोष्ट धरून चालायची: सिग्नल भिंतींतून ढकलत बसायचं नाही. तो वायरनं किंवा मोकळ्या हवेतून दुसऱ्या घरापर्यंत न्यायचा आणि तिथं आत वेगळं वायफाय उभं करायचं. मोठ्या अँटेनांचा महागडा राउटर घेऊनही हे टळत नाही. राउटरचा आवाज मोठा केला तरी फोनला उलट उत्तर द्यावं लागतं, आणि फोनची प्रक्षेपणाची ताकद राउटरपेक्षा बरीच कमी असते.

आधी मोजा

मूळ राउटरच्या शेजारी उभं राहून वेग तपासा. तिथंच नेट रडत असेल तर पुढचा खर्च वाया जाईल. आधी कंपनीकडं तक्रार करा. तिथं वेग ठीक असेल तर अँड्रॉइड फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारचं एखादं मोफत अ‍ॅप घ्या आणि राउटरपासून शेजारच्या घराकडं चालत जा. अ‍ॅप सिग्नल डीबीएममध्ये उणे आकड्यात दाखवतं. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ ला कुरकुर सुरू होते आणि उणे ८० च्या पलीकडं नुसती काडी दिसते. या मापात ३ चा फरक म्हणजे ताकद निम्मी आणि १० चा फरक म्हणजे दहावा हिस्सा, त्यामुळं एकेका भिंतीनंतरचा आकडा कागदावर लिहून ठेवा. दगडमातीची दीड-दोन फूट जाडीची भिंत आणि सळ्यांचं जाळं असलेला स्लॅब किती खातो ते लगेच दिसेल. पत्र्याचं छप्पर सिग्नल परतवून लावतं. गच्चीवरची पाण्याने भरलेली टाकी तर त्याची वाटच अडवते.

राउटरची जागा

फायबर जोडायला आलेला माणूस घाईत असतो. वायर जिथून आत येते तिथंच, टीव्हीच्या मागं किंवा चपलांच्या कपाटावर, तो राउटर ठेवून जातो. राउटर शेजारच्या घराकडच्या खोलीत, खिडकीजवळ, छातीच्या उंचीवर न्या. काडीसारखी अँटेना आडव्या दिशेनं सिग्नल पसरवते आणि तिच्या टोकाच्या दिशेला तो सगळ्यात कमी असतो. म्हणून अँटेनाचं टोक शेजारच्या घराकडं रोखू नका, ती उभी ठेवा.

सेटिंगमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कला वेगवेगळी नावं द्या. भिंतीपलीकडं २.४ जास्त टिकतं, जवळच्या वापरासाठी ५ बरं. दाट वस्तीत २.४ वर गर्दी असते, तिथं चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी जो मोकळा दिसेल तो निवडा आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. एवढ्यावर शेजारच्या घरात उणे ६५ च्या आसपास आकडा आला, तर काम झालं. पैसे घालवू नका.

भिंत सामायिक असेल किंवा अंगण एकच असेल

इथं केबलला तोड नाही. कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत पूर्ण वेगानं चालते. घेताना संपूर्ण तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त केबल बाजारात भरपूर आहे, ती घेऊ नका. उघड्यावरून जाणारी केबल जाड काळ्या आवरणाची, बाहेरच्या वापराची हवी. भोक पाडताना ड्रिल किंचित बाहेरच्या बाजूला उतरतं धरा, म्हणजे पावसाचं पाणी केबलवरून आत ओघळणार नाही.

दुसऱ्या टोकाला घरात पडून असलेला जुना राउटरही चालतो. तो आधी संगणकाला जोडून त्याच्या सेटिंगमध्ये जा. मूळ राउटरचा पत्ता समजा १९२.१६८.१.१ असेल, तर याला १९२.१६८.१.२ द्या, फक्त मूळ राउटर फोनना जे पत्ते वाटतो त्यांत हा नाही ना, ते पाहा. मग याचं डीएचसीपी बंद करा, कारण एका नेटवर्कात पत्ते वाटणारा एकच असावा. वायफायला नाव आणि पासवर्ड द्या, चॅनेल पहिल्या राउटरपेक्षा वेगळा ठेवा. शेवटी मूळ राउटरकडून आलेली केबल याच्या लॅन पोर्टमध्ये लावा. वेगळ्या रंगाचा वॅन पोर्ट मोकळाच राहू द्या. निम्म्या लोकांचं गाडं याच पोर्टवर अडतं.

एक इशारा मनापासून देतो. दोन घरांचे मीटर वेगळे असतील तर अर्थिंगही वेगळं असतं, आणि धातूच्या आवरणाची शील्डेड केबल दोन्हीकडं जोडली तर त्या आवरणातून वीज वाहू शकते. शिवाय एप्रिल-मे महिन्यातला आपल्याकडचा वळीव विजांसकटच येतो. दोन इमारतींमधून उघड्यावर गेलेली तांब्याची तार दोन्हीकडची यंत्रं जाळू शकते. अशा ठिकाणी फायबर टाका. एकेरी फायबर आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टरची (फायबरचा सिग्नल नेटच्या केबलमध्ये आणि उलट बदलणाऱ्या डब्यांची) जोडी, एक ए आणि एक बी प्रकारचा, एवढंच लागतं. टोकं जोडून देणारा तंत्रज्ञ तुमच्या केबलवाल्याच्या ओळखीचा असतोच. काचेतून वीज जात नाही, पण फायबरला आधारासाठी स्टीलची तार असते. ती घराबाहेरच थांबवा, आत आणू नका.

मध्ये गल्ली असेल तर

सार्वजनिक रस्त्यावरून केबल टाकायची तर महापालिकेची परवानगी लागते. ती नसताना टाकलेली वायर टिकतही नाही. गणपतीत उंच मूर्ती गल्लीतून नेताना पोरं बांबूनं वायरी वर ढकलतात, आणि त्यात सगळ्यात आधी हीच तुटते. इथं गच्चीवरून गच्चीवर बिनतारी पूल बांधायचा.

त्यासाठी ५ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या, एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन आउटडोअर सीपीई, म्हणजे समोरासमोर बसवून एकमेकींशी बिनतारी बोलणारी बाहेरची यंत्रं, घ्या. पांढऱ्या चपट्या डब्यासारख्या दिसतात आणि अँटेना आतच असते. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून आणि ५ गिगाहर्ट्झचा पट्टा २०१८ च्या नियमांपासून ठरलेल्या ताकदीच्या आत परवान्याशिवाय वापरता येतो. म्हणून सीपीईच्या सेटिंगमध्ये देश भारत निवडा आणि ताकद वाढवण्यासाठी दुसरा देश टाकू नका.

सगळी जुळणी आधी टेबलावर करा; गच्चीवर उन्हात लॅपटॉप घेऊन बसलात तर काहीच दिसणार नाही. एक सीपीई अ‍ॅक्सेस पॉइंट, दुसरी क्लायंट, म्हणजे एक सिग्नल देणारी आणि दुसरी घेणारी. दोघींना वेगवेगळे पत्ते, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२५३ आणि २५४. चॅनेल १४९ ते १६५ पैकी मोकळा, सुरक्षा डब्ल्यूपीए-२, पासवर्ड लांबलचक. दोन्ही जोडल्या गेल्याची खात्री झाली की वर न्या.

वर जीआय पाइपला क्लॅम्पनं बसवा, समोरासमोर, पोर्टचं तोंड खाली. नुसतं समोरचं डबडं दिसणं पुरत नाही, आजूबाजूलाही मोकळीक लागते. ५० मीटर अंतराला मध्यावर सर्व बाजूंनी निदान अर्धा मीटर जागा रिकामी हवी. नारळाची झावळी, वाळत टाकलेल्या साड्या, शेजाऱ्याची टाकी त्यात येता कामा नये. मग एकानं सीपीई हळूहळू फिरवायची आणि दुसऱ्यानं फोनवर आकडा वाचून सांगायचा. उणे ५० ते उणे ६० मिळाला की क्लॅम्प आवळा. अंतर फार कमी असल्यानं आकडा उणे ४० च्या वर गेला तर सेटिंगमधून ताकद कमी करा, कारण फार जवळून ओरडलेलंही नीट कळत नाही.

सीपीईला वीज नेटच्या केबलमधूनच जाते. सोबतच्या छोट्या अडॅप्टरवर दोन पोर्ट असतात: पीओई लिहिलेला वरच्या सीपीईकडं, लॅन लिहिलेला राउटरकडं. हे उलट लावलं तर राउटर जळू शकतो. दोनदा वाचा, मगच बटण दाबा. पलीकडच्या घरात आलेली केबल मागं सांगितल्याप्रमाणं दुसऱ्या राउटरच्या लॅन पोर्टात लावली की झालं.

रिपीटर घ्यायचाच असेल

भाड्याचं घर, भोक पाडायला मालकाची मनाई, गच्चीला कुलूप, असं असेल तेव्हाच. रिपीटर नेट असलेल्या घरातच ठेवा, शेजारच्या घराकडच्या खिडकीत, जिथं आकडा उणे ६५ किंवा त्याहून चांगला आहे. एकाच रेडिओचा रिपीटर ऐकतो आणि मग बोलतो, त्यामुळं वेग साधारण निम्मा होतो. दोन पट्ट्यांचा घेतला तर फटका कमी बसतो.

नेट कोणाला द्यायचं

कनेक्शन ज्याच्या नावावर, त्याच्याच दारात चौकशी येते. म्हणून सख्ख्या नात्यातलं किंवा पूर्ण विश्वासाचं घर सोडून हे करू नका. कंपनीच्या अटी वाचा. बऱ्याच कंपन्यांना घराबाहेर वाटप मान्य नसतं. शेजाऱ्यांकडून महिन्याला पैसे घेणं म्हणजे परवान्याशिवाय नेट विकणं. दुकानातून लोकांना वायफाय द्यायचं असेल तर डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली सरकारची सार्वजनिक वायफायची पीएम-वाणी योजना आहे, तिच्यात रीतसर करता येतं. आणि शेजारच्या काकूंकडं सून-मुलगा दोघंही घरून काम करणारे असतील, तर त्यांना स्वतःचं कनेक्शन घ्यायला सांगा. दोन घरांच्या कामाचा भार एका कनेक्शनवर टाकून कोणाचंच भागत नाही.

राउटरचा मूळ अ‍ॅडमिन पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटणानं जोडण्याची सोय) बंद करा आणि पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं ठेवा.

पावसाळ्याआधी

पाऊस पडला की नेट जातं, असं आपल्याकडं सगळे म्हणतात. पन्नास-शंभर मीटरवर ५ गिगाहर्ट्झच्या सिग्नलला पावसाच्या धारांनी फारसा फरक पडत नाही. अडवतात ती जूनमध्ये वाढलेली ओली पानं आणि कनेक्टरमध्ये मुरलेलं पाणी. मे महिन्यात एकदा गच्चीवर जा. आड येणाऱ्या फांद्या छाटा, क्लॅम्प आवळा, सीपीईचं झाकण उघडून कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्यात का बघा. पडल्या असतील तर टोक कापून नवीन आरजे-४५ कनेक्टर लावा. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथंच टपकून जाईल.